नडगीत रॉड, सदाशिव पेठेत तिसरा मजला, लिफ्ट नाही

प्रश्न: बाबांना डॉक्टरांनी पायावर निम्मं वजन टाकायला सांगितलंय. ते मोजायचं कसं? आणि कुबड्यांवर जिना?

– घरच्या वजनकाट्यावर. शेजारी तेवढ्याच उंचीचा पाट, त्यावर चांगला पाय. वजन ७० किलो असेल तर दुखऱ्या पायाने काटा ३५ पर्यंत दाबायचा. दोन-चारदा केलं की अंदाज येतो.

– चढताना आधी चांगला पाय, मग दुखरा आणि कुबडी. उतरताना उलट. एक हात कठड्यावरच. भार तळहातावर हवा. काखेत टेकलं तर नस दबून हाताला मुंग्या येतात. वाड्यातला अरुंद लाकडी जिना असेल तर सरळ बसून चढा, लाज कसली!

– पोटरी एकदम सुजून दुखली तर रक्ताच्या गुठळीची शंका. मालिश अजिबात नको, त्याच दिवशी दाखवा. धाप लागली तर थेट इमर्जन्सी.