मदत हवी आहे: एका लेखाच्या दोन तारखा (मसुद्याची आणि प्रकाशनाची) एकाच कॅलेंडरवर कशा दाखवायच्या?

आम्ही दोघं मिळून लिहितो. विषय, मसुदा, फोटो, सगळी नोंद गूगल शीट्समध्ये आहे. फिल्टर लावला की काय रखडलंय ते कळतं, पण अख्खा महिना एका नजरेत दिसत नाही. शीटची सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) फाइल काढून गूगल कॅलेंडरमध्ये टाकून पाहिली. तारीख बदलली की पुन्हा तोच खटाटोप, वर जुनी नोंद तशीच राहते.

ट्रेलो या कामं मांडायच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक लेखाची कार्डं सरकवायला मजा येते (लिहिण्यापेक्षा जास्त!), पण कार्डाला मुदत एकच. मला मसुद्याची वेगळी आणि प्रकाशनाची वेगळी हवी. कार्डाच्या स्टार्ट डेटमध्ये (काम सुरू करायच्या तारखेत) मसुद्याची तारीख भरणं म्हणजे जुगाडच.

जोडीदार फक्त मोबाइलवर काम करतो, कोडिंग दोघांनाही येत नाही, आणि फुकटातलंच हवं. नोशन या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक लेखाच्या दोन नोंदी करून कोणी हे जमवलंय का, की त्याहून सोपी मांडणी आहे?