सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा त्याचं प्रभामंडळ जास्त गरम कसं?

फोंड्याचा_मास्तर:
काल नववीच्या मुलीनं विचारलं, "सर, चुलीपासून लांब सरकल्यावर चटका वाढतो का?" पृष्ठभाग साधारण 5,500 अंश, वरचं प्रभामंडळ, म्हणजे सूर्याभोवतीचा विरळ वायूचा थर, 10 लाखांच्या पुढे. "उद्या सांगतो" म्हणून निसटलो. 16 फेब्रुवारी 1980ला बाबा मला खांद्यावर घेऊन अंकोल्याला खग्रास ग्रहण दाखवायला गेले होते. काळ्या चकतीभोवतीचा तो पांढरा पिसारा अजून डोळ्यांसमोर आहे, पण उत्तर येत नाही. आणि तिथलं तापमान मोजलं कोणी?

मांडवीकाठ:
मोजलं प्रकाशावरून. 1869च्या ग्रहणात प्रभामंडळाच्या प्रकाशाचे रंग वेगळे केल्यावर त्यात एक हिरवी रेषा दिसली, नवं मूलद्रव्य समजून तिला 'कोरोनियम' नावही दिलं! 1940च्या सुमारास कळलं, ते 13 इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड. एवढे इलेक्ट्रॉन उडायला लाखो अंश लागतात. मुलीला फुलबाजी दाखवा: ठिणगी प्रचंड तापलेली, तरी हात भाजत नाही. प्रभामंडळही तसंच विरळ.

रात्रपाळी_वास्को:
पण उष्णता खालून चढत नाही, चुंबकीय ऊर्जा वर जाऊन तिथं उष्णतेत बदलते. कशी, यावरच भांडण आहे: लाटांमुळे की असंख्य चिमुकल्या स्फोटांमुळे? सूर्याचा अभ्यास करणारं नासाचं पार्कर यान 24 डिसेंबर 2024ला पृष्ठभागापासून 61 लाख किलोमीटरवर पोचलं, तरी निकाल नाही. आपलं आदित्य-एल1ही बघतंय.

फोंड्याचा_मास्तर:
म्हणजे तिला "अजून ठरलेलं नाही" सांगू? बरं. फुलबाजी मात्र चतुर्थीची उरलेली आहे घरात.