शब्दचर्चा : मेजरआधीची 'निष्ठा' आणि 'तयारी'

प्रश्न (मुद्रितवाचक; चर्चेतले चौदावा क्लब, तळटीप आणि जुना वाचक हीसुद्धा टोपणनावं)

गोल्फची मेजर स्पर्धा (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) जवळ आली की बातमीत एक वाक्य हटकून येतं: 'निष्ठा आणि तयारी यांचा समतोल साधताना खेळाडूंची कसरत.' प्रसंग असा, की आदल्या आठवड्यात आपल्या प्रायोजकाची किंवा ऋणानुबंधाची स्पर्धा खेळायची, की ती सोडून मेजरच्या कोर्सवर लवकर पोचायचं. इथे 'निष्ठा' चालेल का? बांधिलकी, भीड, कृतज्ञता यांतलं काय कुठे वापरावं? आणि न खेळणाऱ्याने सरसकट 'माघार घेतली' म्हणायचं का?

चौदावा क्लब

निष्ठा खटकते. ती गुरूवर असते, तत्त्वावर असते, आठवड्यापुरती नसते. गोल्फरच्या डोक्यावर जे ओझं असतं ते बहुतेक वेळा कराराचं किंवा उपकाराचं असतं, आणि ही दोन ओझी वेगळी आहेत.

कराराचं असेल तिथे 'बांधिलकी' म्हणा. एखादी बँक खेळाडूची प्रायोजक असते आणि तीच एखाद्या स्पर्धेचीही प्रायोजक असते. आरबीसी (रॉयल बँक ऑफ कॅनडा) आणि कॅनेडियन ओपन हे ठळक उदाहरण. २०१९मध्ये ही स्पर्धा यूएस ओपन या मेजरच्या आदल्या आठवड्यात आली आणि त्या बँकेचा लोगो लावणाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला. साहित्याच्या करारातही बांधिलकीच असते. बरेच करार पिशवीतल्या चौदाच्या चौदा क्लबांचे (काठ्यांचे) नसतात, दहा-अकरा क्लब कंपनीचे आणि उरलेले खेळाडूच्या मर्जीचे असतात. ब्रिटनमधल्या 'ओपन' या मेजरआधी ही मोकळीक फार उपयोगी पडते. तिथे वाऱ्याखालून चेंडू नेण्यासाठी चेंडू उंच उडवणारा फाइव्ह-वुड क्लब काढून लांब पल्ल्याचं, चेंडू खालून नेणारं ड्रायव्हिंग आयर्न घ्यावं लागतं, आणि ते आपल्या कंपनीचं मनासारखं नसलं तर दुसऱ्याचं वापरता येतं.

उपकाराचं असेल तिथे मात्र मराठीत 'उतराई होणं' इतकं नेमकं दुसरं काही नाही.

तळटीप

उतराईचं उदाहरण म्हणजे २०१५चा अमेरिकन गोल्फर जॉर्डन स्पीथ. त्या वर्षी त्याने मास्टर्स आणि यूएस ओपन या दोन्ही मेजर जिंकल्या होत्या. पुढची मेजर, म्हणजे ओपन, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला होती आणि आदल्या आठवड्यात अमेरिकेत इलिनॉयमध्ये जॉन डिअर क्लासिक. हौशी असताना याच स्पर्धेने त्याला प्रायोजकाच्या कोट्यातून खेळवलं होतं आणि २०१३मध्ये त्याचं पीजीए टूरवरचं (अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिका) पहिलं विजेतेपदही इथलंच. स्कॉटलंडला लवकर जा असा सल्ला त्याला भरपूर मिळाला. तो जॉन डिअर खेळला, शनिवारची फेरी ६१ फटक्यांत संपवली, प्ले-ऑफमध्ये (बरोबरीनंतरच्या जादा होलांवर) टॉम गिलिसला हरवून जिंकला आणि रविवारी रात्री स्पर्धेच्या खास विमानाने निघून सोमवारी सेंट अँड्र्यूजला उतरला. ओपनमध्ये तो एका फटक्याने प्ले-ऑफला मुकला.

इथे 'भिडेखातर खेळला' म्हणणं अन्यायाचं होईल. भिडेत मन मारलेलं असतं. स्पीथ ठरवून गेला होता.

जाता जाता: त्या ओपनचा विजेता झॅक जॉन्सनही आदल्या आठवड्यात जॉन डिअर खेळला होता. त्यामुळे 'निष्ठेपायी मेजर गेली' हा मथळा तिथल्या तिथे बाद.

चौदावा क्लब

मथळा बाद, पण किंमत शून्य नव्हती. जॉन डिअरच्या कोर्सवर वीस-अंडरच्या (ठरलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, वीस कमी) आसपास जिंकतात. ग्रीन (भोकाभोवतालची बारीक गवताची जागा) मऊ, चेंडू पडला की थांबतो, रेटा फक्त बर्डीचा (होलवर पारपेक्षा एक फटका कमी). ओपनमध्ये वारा जोराचा असतो म्हणून ग्रीनचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, ग्रीनचा वेग मोजणाऱ्या स्टिम्पमीटरवर साधारण १०च्या आसपास, नाहीतर चेंडू वाऱ्याने जागेवरून हलतो. शिवाय सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचे बहुतेक ग्रीन दोन होलांचे मिळून एक, इतके मोठे की वीस-तीस पावलांचा 'पट' (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा फटका) वारंवार येतो. मनगटातला अंदाज बदलायला तीन दिवस पुरतातच असं नाही. शेवटच्या फेरीत आठव्या होलवर स्पीथला चार पट मारावे लागले, तेही पल्ला चुकल्यामुळे.

म्हणून माझं म्हणणं, 'तयारी' हा शब्दही फार ढोबळ आहे.

मुद्रितवाचक

तयारीऐवजी काय? सराव?

चौदावा क्लब

सराव हा तिचा एक भाग. मेजरआधी किमान तीन कामं असतात आणि ती एकमेकांच्या आड येतात.

एक 'पाहणी'. एक-दोन आठवडे आधी कॅडीला (पिशवी वाहणाऱ्या सल्लागाराला) घेऊन दोन दिवस कोर्सवर जायचं. इथे स्कोअर मोजतच नाहीत. टीवरून बंकर गाठायला किती आणि ओलांडायला किती, हे दोन्ही आकडे यार्डेज बुकात (कोर्सवरच्या अंतरांच्या वहीत) तपासायचे. भोक कुठे असू शकेल अशा तीन-चार जागी चकत्या ठेवून ग्रीनच्या चारही बाजूंनी चिप (छोटे उचललेले फटके) मारायचे. कुठल्या बाजूला चुकलं तर वाचता येतं, हे पाहणीतून कळतं.

दुसरी 'जुळवणी', म्हणजे साहित्य आणि शरीर तिथल्या हवा-मातीला जुळवणं. समुद्रकाठच्या टणक लिंक्स जमिनीवर दहा अंशांपेक्षा जास्त बाउन्सची (तळाच्या उताराची) वेज, म्हणजे जवळच्या फटक्यांचा क्लब, आपटून वर उसळते आणि तिची धार चेंडूच्या पोटात बसते, चेंडू ग्रीनपार जातो. चार ते सहा अंशांची वेज घ्यावी लागते, आणि ती नवी वेज हातात बसायला आठवडा हवा. झोपेचंही तेच. इलिनॉय ते स्कॉटलंड सहा तासांचा फरक, पूर्वेकडे जाताना ढोबळ हिशेब तासाला एक दिवस. सोमवारी उतरलेला माणूस गुरुवारी पूर्ण जागा नसतो.

तिसरं काम 'लय टिकवणं', आणि त्याला स्पर्धाच लागते. कार्डावर आकडा लिहायचा असला की हात वेगळा चालतो. फिल मिकलसन २०१३मध्ये कॅसल स्टुअर्टला स्कॉटिश ओपन जिंकला आणि पुढच्याच आठवड्यात मुइरफील्डला ओपन, तो याच वाटेने.

जो आदल्या आठवड्यात खेळतो त्याची लय टिकते आणि पाहणी बुडते. 'तयारी सोडून निष्ठा' हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. तो एक प्रकारची तयारी सोडून दुसऱ्या प्रकारची करत असतो.

जुना वाचक

स्कॉटिश ओपनला वर्तमानपत्रं 'ओपनची रंगीत तालीम' म्हणतात. हे तरी बरोबर आहे ना?

तळटीप

मला नाही पटत. रंगीत तालीम त्याच रंगमंचावर होते. ओपनचा कोर्स दरवर्षी बदलतो, आणि स्कॉटिश ओपनला स्वतःचं बक्षीस आहे, ओपनच्या काही जागाही तिथूनच मिळतात. ज्याला जागा नाही त्याच्यासाठी ती तालीम नव्हे, तिकीटखिडकी. मास्टर्सच्या आदल्या आठवड्यातल्या टेक्सास ओपनचंही तसंच: २०१९मध्ये कोरी कॉनर्स सोमवारच्या पात्रता फेरीतून आत आला, स्पर्धा जिंकला आणि त्या जोरावर पुढच्या आठवड्यात मास्टर्स खेळला. त्याच्यापुढे निष्ठा-तयारी असा पेचच नव्हता.

चौदावा क्लब

तालमीचं मी चालवून घेईन, जमीन आणि वारा त्याच जातीचे असतात. तिकीटखिडकी झकास.

मुद्रितवाचक

आता 'माघार'.

तळटीप

माघार घ्यायला आधी पुढे यावं लागतं. पीजीए टूरवर स्पर्धेच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत नाव द्यायचं असतं. नाव दिल्यावर काढलं तर 'नाव मागे घेतलं', फेरी सुरू झाल्यावर सोडलं तर 'स्पर्धा अर्धवट सोडली', आणि नावच दिलं नाही तर साधं 'खेळणार नाही'.

२०१९ला रोरी मॅकिलरॉयने लाहिंचची आयरिश ओपन टाळली आणि पुढच्या आठवड्यातली स्कॉटिश ओपन खेळला, कारण ओपन त्याच्या घरच्या, उत्तर आयर्लंडमधल्या पोर्टरशला होती. आधीची चार वर्षं आयरिश ओपनचा यजमान त्याचीच संस्था होती, म्हणून टीका झाली. पण ती माघार नव्हती. त्याने नावच दिलं नव्हतं. इथे प्रायोजक नाही, उपकार नाही, घरच्यांची अपेक्षा आहे. माझ्या मते 'भीड' हा शब्द इथे बसतो: त्याने भीड बाजूला ठेवली. पोर्टरशला पहिल्याच होलवर आठ फटके, फेरी ७९, दुसऱ्या दिवशी ६५ आणि एका फटक्याने कट (दोन फेऱ्यांनंतर पुढे खेळण्याची मर्यादा) हुकला. स्पीथ आधीच्या स्पर्धेसाठी थांबला आणि एकाने चुकला, मॅकिलरॉय थांबला नाही आणि तोही एकानेच. निकालावरून शब्द निवडायचा नाही तो यासाठी.

जुना वाचक

आणि 'स्पॉन्सर्स एक्झेम्प्शन'ला बातम्यांत 'प्रायोजकाची सवलत' म्हणतात, ते?

चौदावा क्लब

ती वाचून फी कमी झाल्यासारखं वाटतं. 'निमंत्रण' मास्टर्ससाठी राखून ठेवा, ती स्पर्धा खरोखरच निमंत्रितांची आहे. बाकी ठिकाणी तळटीप यांनी वर वापरलंय तेच, 'प्रायोजकाच्या कोट्यातून प्रवेश'. कोटा म्हटलं की कोणी कोणाला आत घेतलं हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

मुद्रितवाचक

मग मूळ वाक्य असं करतो: 'मेजरआधीचा आठवडा: दिलेला शब्द की कोर्सची पाहणी?'

तळटीप

करार असेल तर 'शब्द' नको, 'करार' लिहा. आणि 'कसरत' गाळलीत ते उत्तम. बहुतेकांचं वेळापत्रक हंगामाच्या सुरुवातीलाच ठरलेलं असतं.