अण्णांना दिसत नाही, पावसाळ्याआधी स्मार्टफोन द्यावा का?

गावभागकर:
नमस्कार मंडळी. आईवडील सांगलीत गावभागात, मी पुण्यात. अण्णांची नजर काचबिंदूने गेलीय, आईला ऐकायला कमी येतं. 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा दोघं वरच्या मजल्यावर अडकली, लाईट नाही, बटणाचा फोन होता पण अण्णांना कॉल आलेलाच कळायचा, कुणाचा ते नाही, आणि आई उचलायची तर तिला ऐकू येईना. परत लॉकडाऊनमध्ये तेच. आता स्मार्टफोन द्यावा म्हणतोय, पण बिन बटणाच्या काचेवर अण्णा काय करणार?

मिरजेचा_पाव्हणा:
बटणाचाच बरा ओ, चार्जिंग चार दिवस टिकतं. पुरात तेच लागतं.

अंधारयात्री:
मी स्वतः पूर्ण अंध आहे, रोज टचचाच फोन वापरतो. सेटिंगमध्ये टॉकबॅक चालू करा. बोट फिरवलं की खाली काय आहे ते बोलतं, उघडायचं तर स्क्रीनवर कुठंही दोनदा टॅप. पॉवर बटण दाबून कॉल बंद होईल अशी सेटिंग पण असते, ती करून द्या, त्यांचं निम्मं टेन्शन जाईल. मराठी आवाज आत्ताच डाउनलोड करून ठेवा, मग नेट गेलं तरी फोन बोलतो. नुसतं गुगलला बोलून कॉल लावायला शिकवू नका, नेट गेलं की ते पांगळं. आणि शिकवताना त्यांच्या हातातून फोन काढून घेऊ नका राव, सगळी पोरं हेच करतात!
अजून एक, व्हॉट्सॲपवर पाणीपातळीचे तक्ते फोटोत फिरतात, ते टॉकबॅकला नीट वाचता येत नाहीत. ग्रुपवाल्यांना सांगा टाईप करा नायतर व्हॉइस मेसेज टाका.

सुमन_कुपवाड:
आईंसाठी लाइव्ह ट्रान्सक्राइब ॲप बघा, समोरचा बोललेलं मराठीत लिहून दाखवतं. माझ्या सासूबाईंना तेवढ्यावर डॉक्टरांशी बोलता येतं, गोंगाटात चुकतं मात्र. व्हिडिओ कॉलवर तुम्ही पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं तरी चालेल. आणि ओटीपी कुणालाच सांगायचा नाही हे दोघांना बजावा, एकटी म्हातारी माणसं बघूनच फोन येतात.

गावभागकर:
@मिरजेचा_पाव्हणा बटणाचा पण चार्ज करून ठेवणारच, सोबत पॉवर बँक. अण्णांना सांगितलं तर म्हणाले फोन दे, पण आधी पातळी कशी ऐकायची ते दाखव, 40 फुटाला सामान वर न्यायला लागतं, शेजाऱ्याला किती वेळा विचारू.
@अंधारयात्री रविवारी येतोय, अडलं तर मेसेज करू का?

अंधारयात्री:
करा की. फोन अण्णांनाच करायला लावा, सरावच होईल.