अनुभव धागा: वर्गात मूल कोलमडते तेव्हा तुम्ही नेमके काय करता?

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर व्याख्याने पुष्कळ होतात. पण तास चालू असताना तिसऱ्या बाकावरचे मूल अचानक रडू लागते किंवा आठवडाभर कोणाशीच बोलत नाही, तेव्हा फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाने पुढच्या दहा मिनिटांत काय करावे, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा काढला आहे. शिक्षक, पालक, समुपदेशक, माजी विद्यार्थी अशा सर्वांनी लिहावे. मात्र मुलाची ओळख पटेल असा तपशील, शाळेचे नाव आणि ‘मुलांना प्रेम द्यावे’ या धर्तीची वाक्ये टाळावीत.

सुरुवात मीच करते. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. रडणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर ‘काय झालं?’ असे मी विचारत नाही, कारण त्या प्रश्नासरशी वर्गातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळतात. वर्गाला लेखी काम देते, त्याला त्याच्या पसंतीच्या मित्राबरोबर तोंड धुऊन यायला सांगते आणि तो परतला की दाराशी उभी राहून, वर्गावर नजर ठेवून, हलक्या आवाजात त्याच्याशी बोलते.

जिल्हा परिषद शिक्षिका, बीड जिल्हा

आमच्याकडे दसरा झाला की गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत (गाळप संपेपर्यंत), म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे राहून, हंगामी वसतिगृहाच्या आधाराने शिकतात. त्यांचे दुःख रडण्यातून क्वचितच बाहेर पडते. ते न संपलेल्या खिचडीत दिसते, रोजच्या पोटदुखीत दिसते, कधी शेजाऱ्याची पेन्सिल मोडण्यात दिसते. पोटदुखीची तक्रार सोमवारी आणि सणानंतरच्या दिवशी वाढते, हे लक्षात आल्यापासून मी त्या दिवशी कोणाला ‘नाटक करू नकोस’ असे म्हणू देत नाही.

फडावर पहाटे तोडणी सुरू होते आणि गाडी भरून मार्गी लागेपर्यंत पुष्कळदा रात्र होते, त्यामुळे शाळेच्या वेळेत आईवडिलांशी बोलणे होत नाही. यावर आम्ही एक मार्ग काढला. शनिवारी मुले माझ्या फोनवर त्यांच्यासाठी आवाजी संदेश भरतात, रविवारी रात्री कोपीवरून, म्हणजे त्यांच्या तिथल्या झोपडीवरून, उत्तरे येतात आणि सोमवारी परिपाठाआधी ज्याचे त्याला, फोन कानाला लावून, ऐकवते. सर्वांना एकत्र कधीच ऐकवत नाही, कारण कोणाचे तरी उत्तर आलेले नसतेच. त्या मुलाला मी खोटे कारण सांगत नाही. ‘उत्तर आलेलं नाही, आपण आज पुन्हा पाठवू’ एवढेच म्हणते आणि खरोखरच पाठवते.

माजी विद्यार्थी, सातारा

मी शिक्षक नाही. नववीत असताना माझे वडील गेले. तेरावे झाल्यावर शाळेत जायचे होते आणि डोक्याचा गोटा केलेला होता. त्या सकाळी वडील नसल्याच्या दुःखापेक्षा वर्गात शिरण्याची भीती मोठी होती. हे विचित्र वाटेल, पण त्या वयात तसेच असते. आमचे वर्गशिक्षक आदल्या संध्याकाळी घरी आले आणि त्यांनी मलाच विचारले, “वर्गाला काय सांगू आणि काय सांगू नको?” आजाराचे नाव सांगू नका, असे मी म्हणालो आणि त्यांनी ते पाळले. गणवेशात टोपी बसत नव्हती, तरी फाटकावर कोणी अडवू नये म्हणून त्यांनी मुख्याध्यापकांची परवानगी आधीच काढून ठेवली. वर्गात भाषण केले नाही, शांतता पाळायला लावली नाही. बुडालेल्या विषयांच्या वह्या मात्र मित्रांकडून उतरवून घेतल्या होत्या.

पुढे त्यांनीच आईला बालसंगोपन योजनेची माहिती दिली आणि अर्ज भरायला मदत केली. एक पालक गमावलेल्या मुलांसाठीही ती योजना असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. घरात पैशांची चर्चा जरा कमी झाल्याने मला किती हलके वाटले, हे भावनिक आधाराच्या गप्पांमध्ये सहसा कोणी धरत नाही.

माध्यमिक शिक्षक, सांगली

२०१९च्या ऑगस्टमधील महापुरानंतर शाळा सुरू झाली, तेव्हा पावसाळा संपलेला नव्हता. पत्र्यावर सर वाजू लागली की घरात पाणी शिरलेली मुले दप्तर आवरू लागत. पुराचे चित्र काढायला लावावे असे सुचवले गेले होते. मी ते सक्तीचे केले नाही. त्याऐवजी आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी रोज फळ्यावर लिहू लागलो. तेथे ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका मानतात. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. बाहेर कितीही कोसळत असले तरी ‘अजून इशारा पातळीही आली नाही’ हे मुले एकमेकांना सांगू लागली. ज्या एकाला त्या आकड्यांचाच त्रास होई, त्याला फळ्यापासून दूर, खिडकीकडे जागा दिली.

कनिष्ठ महाविद्यालय, लातूर

‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या सराव परीक्षेत धडधड, हातांना मुंग्या, ‘मी मरतेय’ असे वाटणे, हे आमच्याकडे नवे नाही. शेजारी बसावे, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायला सांगावे, समोरच्या पाच वस्तूंची नावे घ्यायला लावावीत. पहिल्यांदाच घडत असेल तर डॉक्टरांना दाखवावे, कारण दर वेळी ते टेन्शनच असते असे नाही.

शालेय समुपदेशक, पुणे

‘कोणाला सांगणार नसाल तरच सांगते’ या अटीला होकार देऊ नये. पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीला ती पोलिसांना कळवावीच लागते, मग दिलेला शब्द मोडतो आणि मूल पुन्हा कोणाशी बोलत नाही. ‘तुझ्या सुरक्षिततेसाठी गरज पडली तर सांगेन, पण कोणाला ते आधी तुला सांगेन’ असे मी म्हणते. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. उत्तर होकारार्थी आले तर मुलाला एकटे सोडू नये आणि पालकांना बोलवावे. धोका घरातूनच असेल तर अर्थातच आधी १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू आहे आणि तेथे शिक्षकही सल्ला विचारू शकतात.

शिक्षक, मुंबई

वरचे सारे पटते, पण माझ्या दहावीच्या वर्गात साठाहून अधिक मुले आहेत. शिक्षण हक्क कायद्यातले एका शिक्षकामागे तीस-पस्तीस मुलांचे प्रमाण आठवीपर्यंतच लागू आहे. दाराशी उभे राहून एकाशी बोलू लागलो तर बाकीचे शाळा डोक्यावर घेतात. म्हणून मी एवढेच करतो: ज्याला बोलायचे आहे त्याने वहीच्या शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात छोटी खूण करायची. वह्या मी तपासतोच, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. खूण दिसली की त्या मुलाला मधल्या सुट्टीत वह्या न्यायला बोलावतो. निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे लागली की वह्या तपासणे मागे पडते आणि ही पद्धतही बंद पडते. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. कोणी काढला असल्यास येथे लिहावा.