दिवाळीच्या गर्दीत साड्यांच्या काउंटरवर पाय कसे सांभाळायचे?

प्रश्न: लक्ष्मी रोडवरच्या दुकानात नवीनच लागलेय. दिवाळीआधीच्या रविवारी श्वास घ्यायला फुरसत नसते म्हणे. बसायला साधं स्टूलही नाही. काय करू?

उत्तर: ताई, मी दादरला पैठणीच्या काउंटरवर असते. सकाळी पोटभर खाऊन निघ, दुपारचा डबा चारला उघडला तरी नशीब! गिऱ्हाईक वळलं की साडी लगेच घडी कर, तीही जुन्याच मोडीवर, नाहीतर जरीला नवी मोड पडते. जादा तास वहीत लिहून ठेव. मोठ्या दुकानात त्याचे दुप्पट पैसे हा कायद्याने हक्क आहे.

उत्तर: केरळात २०१८ पासून, तमिळनाडूत २०२१ पासून दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यावीच लागते. आपल्याकडेही हवीच!

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. स्टूलाचं उद्याच शेठना विचारते.