ब्लॉग, अनुदिनी आणि विकी : अर्थ व वापर

प्रश्न : ‘मी विकीवर ब्लॉग लिहिला’ हे वाक्य बरोबर आहे का? दोन्हीकडे सामान्य माणूस माहिती लिहितो, मग शब्द वेगळे कशाला? आणि ‘अनुदिनी’ दोन्हींना चालेल का?

उत्तर : वाक्य चुकीचं आहे. ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ साली जॉर्न बार्गर यांनी रूढ केला. लॉग म्हणजे तारीखवार नोंदवही. पुढे १९९९मध्ये पीटर मरहोल्झ यांनी तो शब्द गमतीने ‘वी ब्लॉग’ असा तोडला आणि ‘ब्लॉग’ उरला. नवी नोंद वर, जुनी आपल्या तारखेसह खाली, ही त्याची रचना. म्हणून ब्लॉगला मराठीत ‘अनुदिनी’ हा शब्द मला आवडतो, रोज लिहिलं नाही तरी.

विकीत तारीख मागे पडते. तिथे विषयाचं एक पान असतं आणि तेच पुन्हा पुन्हा सुधारलं जातं. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिला विकी सुरू केला. नाव सुचलं होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून. हवाईयन भाषेत याचा अर्थ ‘झटपट’. विकीला अनुदिनी म्हणू नये.

दुसरं मत : मला भेद मालकीत दिसतो. ‘माझा ब्लॉग’ आपण सहज म्हणतो, कारण लेखकाच्या परवानगीशिवाय त्यातलं एक अक्षरही हलत नाही. वाचकाला चूक दिसली तर तो खाली प्रतिक्रिया देतो. मूळ मजकूर दुरुस्त करायचा की नाही हे लेखक ठरवतो. विकीवर तोच वाचक ‘संपादन’ दाबून चूक स्वतः काढतो. खोडसाळपणाही होतो, पण पानाच्या ‘इतिहास’मध्ये प्रत्येक आवृत्ती शाबूत असल्याने तो उलटवता येतो. वाद असेल तर ‘चर्चा’ पानावर.

विश्वासाचा आधारही त्यामुळे बदलतो. ब्लॉग वाचताना कोण लिहितंय ते पाहावं, विकी वाचताना विधानाला संदर्भ काय दिलाय ते. स्वतःचं संशोधन, अनुभव, ठाम मत यांना ब्लॉगच हवा. विकिपीडियावर अप्रकाशित संशोधन चालत नाही आणि ‘माझ्या मते’ने सुरू होणारं वाक्य लेखात टिकत नाही. उलट एखाद्या सॉफ्टवेअरच्या वापराची माहिती ब्लॉगवर वर्षभरात शिळी होते आणि तरीही शोधात वर येते. अशा बदलत्या माहितीसाठी मी निःसंकोच विकी सुचवेन.

प्रश्नकर्ता : म्हणजे विकी म्हणजे विकिपीडियाच ना?

उत्तर : नाही. विकिपीडिया २००१ साली सुरू झाला, मराठी विकिपीडिया २००३ साली. विकी हा प्रकार त्याआधीचा. अनेक संस्थांचे अंतर्गत विकी तर बाहेरच्यांना दिसतही नाहीत. तुमचं वाक्य ‘मी विकिपीडियावर लेख सुरू केला’ किंवा ‘लेखात भर घातली’ असं करा. ‘माझा लेख’ तिथे म्हणू नका. पुढचा संपादक तो बदलणार आहे आणि त्याला तसा पूर्ण अधिकार आहे.